ताकदीचं म्हणजे औषध नव्हे

मला पगार संशय घेण्याबद्दल मिळायचा. नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात मी इनवर्डला होते. बाहेरून आलेला माल गोदामात जाण्याआधी तपासायचा, खोक्यावर जे छापलंय तेच आत आहे का ते बघायचं, नसेल तर लाल चिठ्ठी लावून परत पाठवायचा, एवढंच काम. नव्वदच्या दशकात डिप्लोमा करून तिथे चिकटले ती तिथेच राहिले. पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड पितळ म्हणून खपवणारे, जुन्या मालावर नवा बॅच नंबर चिकटवणारे, असे नग रोज भेटत. ही सवय काही गेटवर ठेवून घरी येता येत नाही. भाजीवालीचा काटा, दुधाची पिशवी, मला बघायला आलेल्या मुलांचे पगार, सगळ्यांसाठी माझ्या मनात एक लाल चिठ्ठी तयार असायची. मुलांना ती बहुधा दिसली असावी, कारण एकही दुसऱ्यांदा आला नाही. आईला त्याचं वाईट वाटायचं, मला फारसं नाही.

सिडकोतल्या घरात आम्ही तिघंच होतो, आई, वडील आणि मी. वडील, म्हणजे आमचे दादा, अंबडलाच फिटर होते. दोन हजार सालानंतर त्यांच्या हृदयाची एक झडप निकामी झाली आणि ऑपरेशन करून तिथे कृत्रिम झडप बसवली. तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवणारी एक गोळी आणि दर महिन्याला रक्ताची तपासणी. रक्त फार घट्ट झालं तर झडपेवर गाठ धरणार, फार पातळ झालं तर कुठूनही वाहत राहणार. डॉक्टरांनी हे शांतपणे सांगितलं, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. आयुष्यभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर काम केलेल्या माणसाला आता स्वतःलाच त्या मापात राहायचं होतं.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: व्हिटॅमिन केवर लक्ष ठेवा, ते या गोळीच्या विरुद्ध काम करतं. आईने लक्ष ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून घरातून लिंबू गायब. आवळ्याच्या लोणच्याची बरणी शेजारी गेली, पेरू दारातून परत जाऊ लागला. आणि ऑपरेशनचा अशक्तपणा भरून यावा म्हणून मेथी, पालक, शेपू यांचा मारा सुरू झाला. रक्त काही पातळ होईना. मी आधी गोळ्यांवर संशय घेतला, मग तपासणीच्या लॅबवर. एका रविवारी पोह्यांवर लिंबू का नाही म्हणून विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "अगं, क जीवनसत्त्व ना ते. डॉक्टरांनी नाही का सांगितलं?"

मी कपाळावर हात मारला. शाळेच्या पुस्तकात अ, ब, क, ड असं शिकलेल्या बाईने इंग्रजी केचा मराठी क करून टाकला होता. खरा के होता पालेभाज्यांत, आणि त्या ती वडिलांना वाटीवाटीने वाढत होती. डॉक्टरही हसले, आणि भाजी खा पण रोज सारखीच खा, असं त्यांनी नीट समजावलं. वडिलांना या प्रकरणाची फार मजा वाटली. येईल त्याला ते सांगत, "एक के सोडला तर बाकी सगळी अक्षरं आपली."

पुढच्या वर्षी येवल्याहून मामा आला आणि त्याने पिशवीतून ई अक्षराची बाटली काढली.

मामाचा हातमाग तेव्हा जेमतेम चालत होता. कुणीतरी त्याला साखळीच्या धंद्यात ओढलं होतं. आपण बाटल्या विकायच्या, आपल्याखाली आणखी चार जण लावायचे, त्यांनी आणखी चार. असल्या धंद्याचं नाव काढलं तरी माझ्या नाकावर राग चढायचा. पण मामा आईचा धाकटा भाऊ, आणि बाटली त्याने वडिलांच्या हातात अशी ठेवली की जणू प्रसादच.

"दाजी, लय भारी चीज हे. अमेरिकेतून येती. हार्टला, कातडीला, सांध्याला, समद्याला. आन् हे बघा, एका गोळीत तेराशे तेहतीस टक्के! शंभर नाय, दोनशे नाय."

वडील चष्मा सरसावून म्हणाले, "वा! मला सगळ्या शाळेत मिळून एवढे टक्के पडले नसतील."

मी बाटली ओढून घेतली. मागच्या बाजूला खरंच तसं छापलं होतं. चारशे युनिट, रोजच्या गरजेच्या तेराशे तेहतीस टक्के. आमच्याकडे मापाच्या तेरापट निघालेल्या मालाचं कौतुक करत नाहीत, तो फेकतात. हे मी मामाला सांगितलं. तो म्हणाला, "भाची, ताकद कधी जास्त झाली का कुणाला?"

वडिलांना मी बाटलीला हात लावू दिला नाही आणि ती पर्समध्ये घालून दुसऱ्या दिवशी अंबडला नेली. माझी एक मैत्रीण तिथल्या एका औषधांच्या कंपनीत होती. जेवणाच्या सुट्टीत तिने लेबल कसं वाचायचं ते मला दाखवलं. युनिट म्हणजे वजन नव्हे, परिणाम मोजायचं माप. म्हणून एका बाटलीवरचे चारशे युनिट आणि दुसरीवरचे चारशे मिलिग्रॅम एकच समजायचे नाहीत. दुसरं, ई जीवनसत्त्वाच्या लांबलचक रासायनिक नावाच्या आधी एक बारीक अक्षर असतं. नुसता डी असेल तर ते तेलबियांतून काढलेलं नैसर्गिक, डीएल असेल तर कारखान्यात बनवलेलं. कारखान्यातलं वाईट असं नाही, पण तेवढ्याच वजनात त्याचा जोर कमी. आम्ही बाटली फिरवून पाहिली. पुढे सूर्यफूल काढून मोठ्या अक्षरांत नैसर्गिक म्हटलं होतं, आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत डीएल.

मला खोटं सांगवत नाही, तो आनंद काही वेगळाच होता. चोर रंगेहाथ सापडला होता. संध्याकाळी मी घरी सगळ्यांसमोर त्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं. आईने विचारलं, "डी म्हणजे त्यात ड जीवनसत्त्वपण आहे का?" मी म्हटलं, त्यात फक्त बनवाबनवी आहे. मामा लालबुंद झाला. "म्हंजे मी फसवतोय का दाजींना? मी रोज घेतो ही गोळी!" त्याने बाटली पिशवीत टाकली आणि चहा न घेता एसटी गाठली. आई त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. वडिलांच्या रक्ताचं आणि या गोळीचं जमेल की नाही, हा विषय त्या संध्याकाळी कुणीच काढला नाही. बाटली खोटी निघाली, एवढ्यावर घरातलं बोलणं संपलं.

पावसाळा सरता सरता वडिलांच्या ब्रशचा फेस गुलाबी यायला लागला. हातावर निळे-जांभळे डाग दिसू लागले. विचारलं की म्हणायचे, दाराला लागलं असेल. दाढी करताना जरासं कापलं, तर कापूस बदलून बदलून आई दमली. तपासणीत रक्त नको तेवढं पातळ आलं. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला दिसत होतं, पण कुठे ते सापडेना. मी गोळ्यांच्या पट्टीवरचा बॅच नंबर पाहिला, दुकान बदललं, लॅब बदलली. दुसऱ्या लॅबनेही तेच सांगितलं. पालेभाजी आई मोजून तेवढीच करत होती, ते मी स्वतः उभं राहून बघितलं. घरात मी पोलिसासारखी वावरत होते आणि दोघंही माझ्यापासून जरा जपून बोलायची.

आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट पाहिला, डाग पाहिले आणि विचारलं, "दुसरं काही औषध घेता का? दुखण्याच्या गोळ्या, आयुर्वेदिक, काहीही?"

"नाही," वडील म्हणाले.

"काही नाही हो," आई म्हणाली.

डॉक्टरांनी गोळीची मात्रा कमी करून लिहून दिली. आम्ही बाहेर पॅसेजमध्ये आलो. आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, पाठोपाठ चांदीच्या रंगाची एक पट्टी काढली आणि वडिलांना म्हणाली, "अहो, तुमचं ताकदीचं राहिलं सकाळी. घ्या आता."

पट्टीत हिरव्या कॅप्सूल होत्या. मला त्या बघताक्षणी ओळखू आल्या, कारण कॉलेजात आम्ही मुली त्याच आणायचो. टाचणीने टोचून आतलं तेल रात्री तोंडाला चोपडायचं, मुरमांचे डाग जातात म्हणून. नाशिकमधल्या कुठल्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळायच्या. मी आईच्या हातातून पट्टी घेतली. ई जीवनसत्त्व, चारशे मिलिग्रॅम.

"हे कधीपासून?"

"मामा गेला तेव्हापासून. त्याची ती खोटी होती ना? मग मी आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून खरी आणली. तू नाही का तोंडाला लावायचीस? घरातलीच वस्तू."

"डॉक्टरांनी आत्ता विचारलं ना, दुसरं काही औषध घेता का म्हणून!" माझा आवाज इतका चढला की बाकावरचे पेशंट वळून बघायला लागले.

"हे कुठे औषध आहे?" आई खरोखरच गोंधळली होती. "हे ताकदीचं आहे."

वडीलही मान डोलावत होते. दोघं डॉक्टरांशी खोटं बोलली नव्हती. आमच्याकडे औषध म्हणजे आजार घालवायला घेतात ते. च्यवनप्राश, टॉनिक, डिंकाचे लाडू, बदाम ही सगळी ताकदीच्या खात्यात. ती कुणी औषधांत मोजत नाही. आणि ज्या प्रश्नावर वडिलांचा जीव टांगलेला होता, त्यात शब्द औषध हा होता.

मी पट्टी घेऊन परत आत घुसले. डॉक्टरांनी ती पाहिली आणि लिहून दिलेला कागद मागून घेतला. म्हणाले, एवढ्या मात्रेत ई जीवनसत्त्व या गोळीबरोबर रक्त आणखी पातळ करू शकतं. सगळ्यांना करतंच असं नाही, पण यांना नको. आणि आणखी एक सांगितलं. "मी मात्रा कमी केली असती, मागाहून तुम्ही ही कॅप्सूल परस्पर बंद केली असती, तर रक्त भलतंच घट्ट झालं असतं आणि मला कळलंही नसतं का ते."

कॅप्सूल बंद झाली, गोळीची मात्रा डॉक्टरांनी नव्याने ठरवली. दर आठवड्याला तपासणी करत करत रक्त ताळ्यावर आलं. आई मात्र पार धास्तावली. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला, दुसरं काही औषध? आई पदर सावरून बसली आणि तिने सगळंच सांगायला घेतलं. सकाळचा चहा, त्यातलं आलं, भाजी कुठली नि किती, वणीच्या देवीचा अंगारा, संकष्टीची साबुदाण्याची खिचडी, झोपताना हळदीचं दूध. डॉक्टर हसू दाबत ऐकत होते. शेवटी ती म्हणाली, "आणि आता ताकदीचं काहीच नाही. ते बंद केल्यापासून यांची कुरकुर आहे."

"कसली कुरकुर?" डॉक्टरांनी विचारलं.

वडिलांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "खरं सांगू का, जिना चढताना अर्ध्यावर बसावं लागतं," ते म्हणाले. "बरेच महिने झाले. हातात जोर नाही. वाटलं, ते ताकदीचं घेऊन जोर येईल."

डॉक्टरांनी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि लगेच वेगळी तपासणी करायला सांगितली. तासाभराने रिपोर्ट आला, अंगात रक्तच कमी झालं होतं. त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. चिठ्ठी हातात घेताना आईने धीर करून विचारलं, "डॉक्टर, हे औषध आहे की ताकदीचं?"

"दोन्ही," डॉक्टर म्हणाले.

वडील खाली रिक्षा बघायला गेले. आम्ही मायलेकी मेडिकलसमोर उभ्या होतो आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. घरातली प्रत्येक पट्टी, प्रत्येक बाटली मी उलटीपालटी करून वाचली होती, आणि एक माणूस महिनोन् महिने जिन्यात मध्येच बसत होता. मी आईला विचारलं, "दादांना दम लागतो हे तुला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणून तर मी ते ताकदीचं आणत होते," आई म्हणाली.

"मग मला का नाही सांगितलं?"

तिने गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं. "तुला सांगितलं असतं, तर तू त्यांच्यावरसुद्धा लाल चिठ्ठी लावली असतीस."