साडभाऊंचं कपाट

आमच्या साडभाऊंच्या अंगावर चुकीच्या प्रसंगी चुकीचे कपडे कोणी पाहिले असतील तर त्याने माझ्यासमोर यावं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. आता सांगत नाही, कारण तो पाहणारा मीच आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्यामुंबईकडे नुसतं साडू म्हणून मोकळे होतात. आमच्याकडे त्यात भाऊ घालतात, कारण एकाच घराण्याचा प्रसंग दोघांवर ओढवलेला असतो. हे आमचे साडभाऊ सिंदेवाहीच्या एका भात गिरणीत उभी नोकरी वजनकाट्यावर होते. गिरणीतला माणूस संध्याकाळी कोंड्याने माखून भुतासारखा घरी येतो. साडभाऊ रोज पांढराशुभ्र शर्ट घालून गिरणीत जात आणि तसेच परत येत. कोंडा त्यांना घाबरत होता की काय, देव जाणे.

त्यांच्या घरी टीव्ही फ्रिजच्या नंतर आला आणि फ्रिज कपाटाच्या नंतर. हे कपाट म्हणजे साडभाऊंचं दैवत. आत ओळीने हँगर, आणि प्रत्येक हँगरच्या मानेला सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. 'लग्न, आपल्याकडचं.' 'लग्न, लोकांकडचं.' 'तेरवी.' 'कचेरी.' 'दवाखाना, भेटायला.' आणि शेजारीच 'दवाखाना, भरती.' हा शेवटचा हँगर पाहून मी हसलो होतो. पण पुढे एकदा त्यांच्या पोटात कळ उठली, माणूस गडबडा लोळायला लागला, दारात रिक्षा उभी राहिली, आणि हे खाटेवरून बायकोला सांगताहेत, की भरतीच्या पायजम्याला इस्त्री नाही, आधी इस्त्री करा. मी ओरडलो, "साडभाऊ, जीव जाईल." ते कण्हत म्हणाले, "डॉक्टरले पाह्यल्याबरोबर वाटलं पायजे मास्तर, का हा मानूस वाचवण्यासारखा आहे." पायजम्याला इस्त्री झाली, मग रिक्षा हलली.

मयतीचा शर्ट हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय. तो उजळ असता कामा नये आणि मळकाही असता कामा नये. एकदा गल्लीतले एक म्हातारबाबा शेवटच्या घटका मोजत होते, निदान सगळ्यांना तसं वाटत होतं. साडभाऊंनी दूरदृष्टीने तो फिकट राखाडी शर्ट इस्त्रीवाल्याकडे टाकून ठेवला. म्हातारबाबा मात्र चौथ्या दिवशी उठून बसले, आठव्या दिवशी काठी टेकत चौकात आले आणि नेमके इस्त्रीवाल्याच्या टपरीशी टेकले. समोर शर्ट टांगलेला. गल्लीत तो शर्ट ओळखत नाही असा माणूस नव्हता. बाबांनी साडभाऊंना बोलावून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "माझ्यासाठी काढला होता नं? घालून तं दाखव. तवा मले कुठी दिसणार आहे." साडभाऊंनी खरंच घालून दाखवला. बाबांनी पाठीमागून, पुढून पाहिलं आणि कॉलर जराशी घट्ट वाटते म्हणाले.

मार्कंड्याच्या जत्रेत तर त्यांनी माझी अब्रू घेतली. महाशिवरात्रीला वैनगंगेवर मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. लोक कपडे काठावर टाकतात, बुडी मारतात, ओल्या अंगाने दर्शनाच्या रांगेत लागतात. साडभाऊंचा मात्र अंघोळीचा पंचा वेगळा, आणि अंघोळीनंतर देवासमोर उभं राहायचे कपडे वेगळे. ते कपडे वाळूत ठेवून चुरगळायला नकोत म्हणून हँगरसकट माझ्या हातात. ते मंत्र पुटपुटत एकेक बुडी घेताहेत आणि मी भर गर्दीत शर्ट-पँट उंच धरून उभा. एक पागोटेवाले बाबा आले, कापड बोटाने चोळून पाहिलं आणि विचारलं, "कितीले देता?" मी नाही म्हटलं तर त्यांना वाटलं मी भाव खातो आहे. बाहेर येऊन साडभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि बाबांच्या पारखीचं कौतुक केलं.

माझ्याकडे ते पाहत तेव्हा त्यांच्या डोळ्यांत, नापास मुलाकडे पाहताना माझ्या डोळ्यांत असते, तशी दया असे. मी जिल्हा परिषदेचा मास्तर. मला दोन पँट पुरतात आणि इस्त्री मला वैयक्तिक छळ वाटतो. मी दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "मास्तर, हा शर्ट गाईच्या तोंडातून काढला का?" मग माझी कॉलर सरळ करायची, बटण तुटलेलं असलं तर सुईदोरा मागवायचा आणि मी अंगात शर्ट घालून उभा असतानाच ते शिवायचं. शिवताना तोंडाने उपदेश. "कपडे आपल्यासाठी नसतेत. समोरच्यासाठी असतेत. समोरच्याले कळते, आपून त्याले किती मोजतो." मी म्हणत असे, भाऊ, सुई टोचते आहे. ते म्हणत, टोचू द्या.

त्यांच्या कपाटाच्या शेवटच्या टोकाला एक खाकी ड्रेस होता. भावाची मुलं एकदा त्यांना वाघ दाखवायला ताडोब्यात घेऊन गेली, तेव्हा शिवलेला. शर्टाला सहा खिसे, पँटीला गुडघ्यापाशी आणखी दोन, वर दोरीची टोपी. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'जंगल.' वाघाला भडक रंग चालत नाही, हे त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. त्या दिवशी वाघ काही दिसला नाही, एका वानराने टोपी मात्र ओढली. तेव्हापासून तो हँगर तसाच लटकत होता, आणि हे सगळं मी एवढं लांबण लावून सांगतो आहे ते या ड्रेससाठीच.

साडभाऊंची एकुलती एक मुलगी, पल्लवी. नर्सिंग शिकली आणि भामरागडकडच्या एका उपकेंद्रात नोकरीला लागली. दोन वर्षांनी तिने फोन करून आईला सांगितलं, की तिथल्याच गावच्या एका मुलाशी तिला लग्न करायचं आहे. मुलगा आश्रमशाळेत शिक्षक. माडिया आदिवासी. घरचे लोक शेती करतात, मोहफुलं वेचतात. सोयरिकीसाठी त्यांनी सगळ्यांना बोलावलं आहे. साडभाऊंनी बायकोकडून हे ऐकलं, कपाटाचं दार उघडलं, एकेक हँगर सरकवून पाहिला आणि दार लावून म्हणाले, "माझ्याजवळ तिकडचे कपडे नाई."

या घरात कपड्यांवरून इतकी वर्षं हसणं झालं होतं, पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. पल्लवीनेही बापाचाच हट्ट घेतलेला. "बाबा आले तरच सोयरीक होईल. नाई आले तं मी अशीच राहीन," एवढं बोलून तिने फोन ठेवला. तीन आठवडे बाप गप्प, लेक गप्प. शेवटी माझ्या मेहुणीने, आम्ही तिला बाईच म्हणतो, मला बोलावून घेतलं. म्हणाली, "मास्तर, ते तुमचंच ऐकतेत." हे धादांत खोटं होतं. त्या माणसाने माझं आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. पण बाईचे डोळे सुजलेले होते, म्हणून मी बसलो त्यांच्यासमोर.

"साडभाऊ, मुलगा वाईट आहे का?"

"नाई."

"पोरीची निवड चुकली का?"

"मी म्हटलं का तसं?"

"मग अडते कुठे?"

ते बराच वेळ स्वतःच्या बाहीची घडी नीट करत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, ते लोक कसे असतेत, काय बोलतेत, मले काई मालूम नाई. एकच पोरगी आहे माझी. कुठी चालली ते मले दिसतच नाई." मी म्हटलं, मग बघायला तर चला. ते हो म्हणाले नाहीत, पण तारीख विचारली.

सोयरिकीच्या दिवशी सकाळी जीप दारात आली आणि साडभाऊ खोलीतून बाहेर पडले ते खाकी घालून. सहा खिसे, दोरीची टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. बाई पाहतच राहिली. "पोरीच्या सोयरिकीले हे घालून?" "जंगलातच चाललो नं," ते म्हणाले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण माणूस निघाला हेच खूप, म्हणून मी मूग गिळले. मी स्वतः, बायकोने दम भरल्यामुळे, कडक इस्त्रीचा नवा पांढरा शर्ट घातला होता. आलापल्ली येईपर्यंत त्याचं पोतेरं झालं, ती गोष्ट वेगळी.

गावाच्या अलीकडे जीप थांबवून आम्ही पायी निघालो. समोरून दोन बाया डोक्यावर सरपण घेऊन येत होत्या. साडभाऊंना पाहताच त्या मोळीसकट आडवाटेला लागल्या. आमचा ड्रायव्हर हसून म्हणाला, "फारेस्टचे बीटगार्ड समजल्या त्या तुमाले." साडभाऊंनी टोपी काढून हातात घेतली.

आणि मग घर आलं. सारवलेलं अंगण, त्यात चटया, बाजूला गावचे चार-पाच वडीलधारे स्वच्छ धोतर-सदऱ्यात बसलेले. कुंपणाशी मुलाचे वडील आमची वाट पाहत उभे होते. काळीभोर पँट, बाह्यांची बटणं लावलेला, गळ्यापर्यंत बंद पांढरा शर्ट. घडीची रेघ अशी, की बोट कापावं. पायात काळे लेसचे बूट. उन्हाने घामाघूम झालेले, पण ताठ. साडभाऊंनी आयुष्यभर मला जे शिकवायचा प्रयत्न केला, ते सगळं त्या माणसाच्या अंगावर होतं.

दारात पल्लवी उभी होती. लहानपणापासून तिने ते कपाट पाहिलेलं. कुठल्या हँगरवर काय आणि त्याची चिठ्ठी काय, तिला तोंडपाठ. तिने बापाकडे नखशिखांत पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. ती आत वळली. साडभाऊंनी ते पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर माणूस पांढराफटक.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "जरा लघवीले चला."

गोठ्याच्या मागे जाताच त्यांनी खाकी शर्टाची बटणं सोडायला सुरुवात केली. "काढा," मला म्हणाले. मला आधी कळलंच नाही. "शर्ट काढा. पँट बी काढा. माझ्या पोरीच्या सासरी मी वाघ पाह्याले आल्यासारखा आलो, मास्तर. लवकर काढा." साडभाऊ शेवग्याच्या शेंगेसारखे उभे आणि मी पोटाने सुखी. तरी दोन साठीचे साडू एका म्हाताऱ्या म्हशीसमोर उघडे झाले आणि कपडे बदलले. माझी पँट त्यांच्या कमरेवर राहीना, तेव्हा माझ्या खांद्यावरचा दुपट्टा पट्ट्यासारखा आवळून बांधला. त्यांचा खाकी शर्ट माझ्या पोटावर कसाबसा जमला, सहा खिसे सहा दिशांना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या अंगावर चुरगळलेला शर्ट होता. त्यांनी कॉलर सरळ केली. स्वतःची, आणि सवयीने माझीही.

आम्ही परत आलो. खाकीतला पांढऱ्यात आला आणि पांढऱ्यातला खाकीत, हे अंगणातल्या एकूण एक माणसाने पाहिलं. कोणी हूं की चूं केलं नाही. एवढी रीत मी मोठ्या मोठ्या लग्नघरांत पाहिलेली नाही. मुलाच्या वडिलांनी हात जोडून जोहार घातला आणि पाण्याचा लोटा पुढे केला. आता चटईवर बसायचं, म्हणजे त्यांना बूट काढायला हवेत. ते वाकले, लेस ओढली, आणि गाठ आणखी बसली. दुसरी ओढली, तीही बसली. निरगाठच मारली होती. ते ओशाळून म्हणाले, "पोराचे आहेत. तुमच्या पोरीनं सांगितलं, बाबाले कपड्याचं लय राह्यते. म्हणून घातले. सकाळपासून पाय चावून राह्यले."

साडभाऊ सगळ्यांसमोर, एका हाताने दुपट्ट्यातूनही घसरणारी माझी पँट धरत, त्या माणसाच्या पायाशी उकिडवे बसले. निरगाठीला दोन्ही हात लागतात, म्हणून पँटीवरचा हातही काढला. "राहू द्या जी, तुम्ही नका," असं व्याही म्हणत राहिले. साडभाऊ खाली मान घालून गाठ सोडवत राहिले. एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही जोडून चटईच्या कडेला नीट ठेवले. मग म्हणाले, "माझं चुकलं, व्याही." त्यांनी व्याही हा शब्द उच्चारला आणि दारात पल्लवी रडायला लागली. बाई तिच्या आधीपासून रडतच होती. सोयरीक तिथेच झाली, बाकीचे विधी नंतर झाले.

लग्न होऊन आता वर्ष होत आलं. खाकी ड्रेस त्यांनी परत मागितला नाही, माझा पांढरा शर्ट त्यांनी परत दिला नाही. तो कपाटात स्वतंत्र हँगरवर असतो आणि चिठ्ठीवर लिहिलं आहे, 'पोरीचं घर.' तिकडे जाताना ते तोच घालतात, खांदे लोंबतात तरी. जायचं मात्र वर्षातून दोनदाच होतं, आणि पावसाळ्यात नाले भरले की फोनसुद्धा लागत नाही.

मागच्या महिन्यात ते आमच्याकडे आले होते. मी मुद्दाम चुरगळलेला शर्ट घातला होता, छातीवरचं बटण तुटलेलं. सुईदोरा टेबलावर दिसेल असा काढून ठेवला होता. ते चहा प्यायले, खिडकीबाहेर बघत बसले, पल्लवीचा फोन आला होता का म्हणून दोनदा विचारलं आणि निघून गेले. बटणाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. रात्रीच्या जेवणाआधी बायको म्हणाली, द्या इकडे, लावून देते. मी म्हटलं, राहू दे. पुढच्या वेळी दिसेल त्यांना.