खालच्या मजल्याची खोली

मी आन् माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे पिशवी जोखणं. शनिवारचे चार वाजले असतील. ती पिशवीत एक लुगडं टाकायची आन् म्हणायची, "उचला." मी उचलून सांगायचो, "साडेआठ किलो." मग ती माझा स्वेटर बाहेर काढायची. "आता?" "आठ. आठाला थोडी कमीच." लातूरच्या आडतीवर मी चौतीस वर्षं हमाली केली. तूर, हरभरा, सोयाबीन, सगळं ह्या पाठीवरनं गेलंय. मला काटा लागत न्हाई.

"समुद्राला स्वेटर कोण नेतंय?" ती म्हणाली.

"गाडीत थंडी वाजंल."

"तुमाला भर थंडीत उघड्या पाठीनं पोती वाहताना बघितलंय मी. ठेवा घरी."

स्वेटर खुंटीला गेला. ती पिशवी दुसऱ्या दिवशी नांदेडहून विशाखापट्टणमच्या गाडीत चढायची होती. चढली न्हाई. का, ते लिहून राहिलो. माझं शिक्षण दुसरी. एकेक अक्षर जुळवत लिहितो. चुकलं तर चुकलं.

समुद्राचं खूळ तिचं. ती शाळेत खिचडी शिजवायला होती. ते काम सुटलं आन् बाई मोकळी झाली. शेजारच्या मास्तरीणबाई सुट्टीत विशाखापट्टणमला जाऊन आल्या, त्यांनी मोबाइलवर समुद्र दाखवला. ही घरी आली ती तेच घेऊन.

"मला तिथं जायचंय."

"कुणाचं लगीन हाय?"

"कुणाचं न्हाई."

"मग कोण वारलं?"

आमच्या घरात बाहेरगावी जायला ह्या दोनच वाटा. तिसरी नागपूरची, दीक्षाभूमीची, ती वर्षातून एकदा. उगंच कुठं जायचं हे आम्हाला ठाऊकच न्हवतं.

"चार दिवस जायचं," ती म्हणाली. "सकाळी उठून कडेला बसायचं. भूक लागली की खायचं. परत येऊन बसायचं."

"आन् बघायचं काय?"

"पाणी."

"पाणी सहस्रकुंडच्या धबधब्यालाबी हाय. इस्लापूरला उतरलं की झालं."

"ते पडतं. मला येणारं-जाणारं बघायचंय."

गोव्याला जाऊ म्हटलं तर तेबी नको. ती मूळची देगलूरकडची, सीमेवरची. तेलुगू तिला लहानपणापास्नं येत होती. "तिथं मी बोलीन, तुमी गप बसायचं," म्हणाली. "तेवढंच माझ्या कानाला चार दिवस सुख." खोली तिनं ठरवून टाकली होती. सगळ्यात वरच्या मजल्यावरची, म्हणजे झोपूनबी पाणी दिसावं. मी म्हटलं, बघू. चाळीस वर्षं मी तिला बघूच म्हणून राहिलो होतो.

मग पावसाळ्यात तिला दम लागायला लागला. दारातून न्हाणीपर्यंत गेली की भिंत धरायची. आम्हाला एकच लेक, ती नांदेडला दवाखान्यात सिस्टर हाय. तिनं बोलावून घेतलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला आन् लेकीला आत घेतलं, हिला बाहेर बाकड्यावर बसवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, ऑपरेशन झेपणार न्हाई, जपलं तर काही महिने निघतील. जिने न्हाई, जड काम न्हाई, लांबचा प्रवास तर अजिबात न्हाई.

बाहेर आलो. ती केळं खात होती.

"काय म्हणले?"

लेक म्हणाली, "गॅस हाय, आई. आन् जरा अशक्तपणा."

मी मान हलवली. आमच्याकडं पेशंटला सांगत न्हाईत. माझ्या बापाला सांगितलं न्हवतं. हिच्या मायला कॅन्सर होता, तवा हिनंच मायला सांगितलं होतं, तोंड आलंय, औषधानं बसंल. ह्याला कुणी खोटं म्हणत न्हाई. माया म्हणतात.

मला विसर पडतो म्हणून लेकीनं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. "बाबा, आईला जिना चढू देऊ नका. कळशी उचलू देऊ नका. लांबचा प्रवास नाही. हृदयाचं आहे हे तिला कळू देऊ नका." ती चार वाक्यं मी इतक्यांदा जुळवून वाचली की पाठ झाली. कागद मी आधारकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला. लिहिलेलं सगळं आमच्या घरात त्याच एका पिशवीत राहतं.

घरी आल्यावर हिचं परत सुरू. "गॅसच हाय ना? मग चला की."

मी खोड्या काढायला लागलो. म्हटलं, तिथं नुस्ते मासे. म्हणाली, तुमी भात खा. म्हटलं, लांब लई हाय. म्हणाली, गाडीत झोपायचंच हाय. तोंडावर काही बोलून टाकणारा माणूस मी. आडतीवर मापात मारणाऱ्या मालकाला चार लोकांत बोललेला. आन् घरात मला बोलता येईना. एक दिवस मी ओरडलो, "न्हाई जायचं म्हणलं ना." ती कणीक मळत होती. तशीच मळत राहिली. म्हणाली, "कारण सांगा."

कारण माझ्या जिभेवर होतं. मी उठून बाहेर गेलो.

तिचं रोजचं पडलेलं तोंड मला बघवंना. शेवटी मी मनाशी डाव केला. तिकीट काढू, पण दिवाळीनंतरचं, लांबचं. तवर ती खूश राहील. वेळ आली की लेक येऊन मोडंल. मी तिला लातूर स्टेशनच्या रिझर्वेशन खिडकीवर घेऊन गेलो.

आमच्यात लिहिणारी ती, सातवी शिकलेली. तिनं फॉर्म घेतला, भिंतीच्या कट्ट्यावर ठेवला, म्हणाली, "आधार द्या, वय त्याच्यावरचंच लिहिते." मी सगळी प्लॅस्टिकची पिशवी तिच्या हातात दिली. दिली, आन् मग मला आठवलं.

ती एकेक कागद काढत होती. रेशनकार्डाची झेरॉक्स. माझं आधार. मग तो कागद. मी पुढं सरकलो, म्हटलं, "आण, मी काढतो." तिनं कागद उघडला, बघितला, घडी केली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. काही हललं न्हाई. "औषधाची पावती ठिवलीय तुमी ह्याच्यात," ती म्हणाली, आन् कागद परत आत सरकवला. मला वाटलं, वाचलं न्हाई. चष्मा कपाळावर होता तिचा. माझ्या जिवात जीव आला.

तिनं चष्मा खाली ओढला आन् फॉर्म भरला. मी खिडकीत दिला.

आतला माणूस म्हणाला, "येत्या रविवारची का, आजोबा?"

"न्हाई न्हाई. दिवाळीनंतरची."

"इथं तर रविवार लिहिलाय."

मी मागं वळलो. ती माझ्या मागंच होती. "रविवारचीच," ती म्हणाली.

"आपलं दिवाळीनंतर ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं."

"अगं आठ दिवसांवर आला रविवार."

"म्हणून तर लवकर काढा."

रांगेतला एक जण म्हणाला, "काकू, घरून भांडून यायचं ना." ती त्याला म्हणाली, "चाळीस वर्षं घरीच भांडलो बाबा, म्हणून तर तिकीट मिळंना." लोक हसले. आतल्यानं विचारलं, दोन खालच्या सीटा हायत, देऊ का. तिनं माझ्या खांद्यावरनं हात पुढं केला आन् पैसे आत ठेवले.

त्या आठ दिवसांत मी नीट जेवलो न्हाई. गच्चीवर जाऊन लेकीला फोन केला. ती फोनवर रडली. "बाबा, कसंबी करून मोडा. वाटेत काही झालं तर तुमी कुठं उतरणार, कुणाला बोलावणार?" मी म्हटलं, "तू येऊन सांग." ती म्हणाली, "काय सांगू? खरं सांगू का?" खाली ही मला हाका मारत होती, चहा निवतोय म्हणून.

बुधवारी मी पक्कं केलं, शुक्रवारी माझीच कंबर धरली म्हणून खाटेवर पडायचं. हमालाची कंबर, कुणीबी मानंल. बुधवारीच संध्याकाळी तिनं मास्तरीणबाईंनी दिलेल्या नंबरवर तिथल्या लॉजला फोन लावला. तेलुगूत बोलली, लई वेळ. हसलीसुद्धा. मला अक्षर कळलं न्हाई. फोन ठेवल्यावर विचारलं, "काय ठरलं?"

"खोली मिळाली. खालच्या मजल्यावरची."

"तुला तर सगळ्यात वरची पायजे होती."

"नको. जिने कोण चढंल."

ती तांदूळ निवडायला बसली. मी तिथंच उभा राहिलो. घरात तिला जिने चढू नको असं मी एकदाबी म्हटलं न्हवतं. गच्चीवर वाळवण असलं की मीच आधी पळायचो, काहीतरी निमित्त करून. जिन्याचं लिहिलेलं होतं ते फक्त त्या कागदावर.

"तू वाचलास," मी म्हटलं.

"हाव."

"सगळं?"

"चारच तर ओळी होत्या."

मी खाली बसलो. ती तांदळातले खडे काढत होती. बाजूला ठेवत होती, एकेक.

"बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलले का?"

"तुला कळू द्यायचं न्हवतं."

"मला दवाखान्यातच कळलं होतं," ती म्हणाली. "मी माझ्या मायला फसवलंय. फसवणाऱ्याचं तोंड कसं दिसतं ते मला ठाऊक हाय. तुमी दोघं बाहेर आले तवा दोघांचीबी तशीच होती. कागदात फक्त नाव कळलं रोगाचं." मग जरा थांबून म्हणाली, "मायलाबी कळलं असंल का हो?"

बाजूचे खडे मी मुठीत गोळा केले.

"डॉक्टर म्हणले प्रवास करू नको," मी म्हटलं. "गाडीत काही झालं तर?"

"घरात झालं तर?"

"घरात मी हाय."

"गाडीत कोण राहणार हाय, शेजारचा म्हातारा?"

मला हसू आलं, आन् मग डोळ्यातनं पाणीबी आलं. तिनं सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "मोडायचं असंल तर मोडा. मी काही ओरडणार न्हाई. पण गॅस हाय म्हणून मोडू नका. मरशील म्हणून मोडतो, असं म्हणा."

ते मला म्हणवलं न्हाई. मी म्हटलं, "जाऊ."

"रविवारीच?"

"रविवारीच."

लेकीला सांगायचं न्हाई हे आम्ही दोघांनी ठरवलं. ती आडवी आली असती. परत तेच. ही माझ्यापास्नं लपवायची, मी हिच्यापास्नं, आता दोघं मिळून लेकीपास्नं. लेकीला मी फोनवर सांगितलं, मोडलं गं, ऐकलं तिनं. लेक म्हणाली, "सुटले बाबा."

मग शनिवार. पिशवी जोखून झाली तशी ती म्हणाली, जरा टेकते. भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसली. मी चौकात गेलो, सकाळी बसस्टँडपर्यंत सोडायला रिक्षावाल्याला सांगून ठेवायला. त्याच्याशी वेळेवरनं वाद झाला, तो सहा म्हणत होता, मी साडेपाच. पंधरा मिनिटं गेली असतील. आलो तर ती तशीच बसलेली, मान एका बाजूला. म्हटलं, डोळा लागला. मीच चहा ठेवला. दोन कप भरले. हाक मारली, मग हात लावला.

गाडीत न्हाई, घरात झालं. आन् मी चौकात होतो.

लेक आन् जावई गाडी करून नांदेडहून आले. भन्तेजींना निरोप गेला. गल्लीतल्या बायांनी घर भरलं.

सकाळी, न्यायच्या आधी, मास्तरीणबाईंनी त्यांच्या घरून चहा आणला. लेक आन् मी मागच्या दाराला बसलो होतो. लेकीचे डोळे सुजले होते. बाई म्हणाल्या, "नशीबवान हो तुमची आई. काही कळायच्या आत गेली."

लेक म्हणाली, "हाव बाई. शेवटपर्यंत तिला कळू दिलं न्हाई आम्ही. तेवढं एक बरं केलं." आन् माझ्याकडं बघितलं, मी हाव म्हणावं म्हणून.

हाव म्हटलं असतं तर तिनं त्याच्यावर जन्म काढला असता. पण उद्या माझाबी कागद निघंल. माझ्याबी समोर ती असंच गोड तोंड करून येईल, आन् ते बघून मला सगळं कळंल, आन् बोलायला घरात कुणी राहणार न्हाई.

"तिला कळलं होतं," मी म्हटलं. "स्टेशनवर तिनं तुझा कागद वाचला."

"कुठला कागद?"

"तूच लिहिलेला. मी माझ्या हातानं दिला तिच्या हातात."

तिचा कप हातातच राहिला. बाई म्हणाल्या, "भाऊ, आज नका हो." मी म्हटलं, "आजच."

"आन् तुमी मला मोडलं म्हणून सांगितलं?" लेक म्हणाली.

"खोटं सांगितलं. आम्ही आज जाणार होतो."

तिनं कप खाली ठेवला. मला वाटलं, आता हिचं-माझं तुटलं. मी म्हटलं, "माझं काही निघालं तर मला आधी सांगायचं. तोंडावर. गॅस म्हणायचं न्हाई."

ती उठली, आत गेली आन् आईच्या उशाशी बसली. बाहेर माणसं जमली होती, तयारी चालली होती. मीबी आत गेलो. लेकीच्या शेजारी बसलो. तिनं जागा दिली. मग स्टेशनवर काय झालं, तांदूळ निवडताना ती काय बोलली, रांगेतल्या माणसाला काय म्हणाली, ते मी सुरुवातीपास्नं सांगायला लागलो, आन् माणसं उठा म्हणेस्तोवर सांगत राहिलो.