माझं माहेरचं नाव

माझं माहेरचं नाव मी इथं लिहीत नाही. ते आता दुसरीचं आहे. एवढंच सांगते, की ते 'ऋ'नं सुरू होतं, मध्ये एक अवघड जोडाक्षर आहे आणि माझ्या लहानपणी अख्ख्या मुळशीत त्या नावाची दुसरी मुलगी कुणी पाहिली नव्हती.

वडील पौडला पोस्टमन होते. धरणावरच्या बंगल्यात आलेल्या एका पाकिटावर त्यांनी ते नाव वाचलं आणि माझ्यासाठी उचललं. आईला ते शेवटपर्यंत जमलं नाही. शाळेत हजेरी घेताना मास्तर जोडाक्षरापाशी अडखळायचे आणि पोरी हसायच्या. मग घरी वडील मला समोर बसवून सावकाश म्हणायला लावायचे. "तुला नीट आलं म्हणजे झालं. लोकं शिकतील हळूहळू."

लोक शिकले नाहीत. मॅट्रिक झाल्याझाल्या माझं लग्न ताम्हिणीकडच्या एका गावात झालं. नणंदेनं माझं नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि हसत सुटली. सासूबाई म्हणाल्या, "असलं कसलं नाव? जिभंला पीळ पडतुया." नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं. मला विचारलं नव्हतं. त्या नावाच्या वाडीत आधीच तिघी होत्या. ओढ्यावर धुणं धुताना कुणी हाक मारली, की चौघी माना वर करायचो.

दोनेक महिन्यांनी वडिलांचं पत्र आलं. पत्त्यावर माझं जुनं नाव. मी चुलीपुढे होते. ओसरीवर सासरे पोस्टमनला सांगत होते, "या नावाची हितं कुनी न्हाई." ते कुणाचं नाव, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मी उठून बाहेर जायला हवं होतं. तव्यावर भाकरी होती, मी ती उलटली आणि बसून राहिले. पत्र शेरा मारून पौडला परत गेलं, वडिलांच्याच हातात. पुढचं पत्र आलं ते नव्या नावानं.  

आठ-नऊ वर्षांनी धाकट्या दिराला मुलगी झाली. दीर पिंपरीत कारखान्यात होता, जाऊ पुण्याची. बारसं गावी केलं. आत्या म्हणून नणंदेनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. माझं नाव. जोडाक्षरासकट, स्वच्छ. सकाळपासून घोकत होती म्हणे.

जाऊ कौतुकानं सांगत होती, "आता पुण्यात हे नाव खूप चालतं. आमच्या गल्लीतच दोघी आहेत."

मी म्हणाले, "हे माझं नाव आहे."

जाऊ गोरीमोरी झाली. तिला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी मात्र पाळण्याची दोरीसुद्धा थांबवली नाही. "व्हय, पर तुला कुटं शोभत हुतं?"

बायका हसल्या. नवऱ्यानं घुगऱ्यांचं ताट माझ्या हातात दिलं, आणि मी वाटल्या.

पुतणी सुट्टीत यायची. घरातले सगळे तिला पूर्ण नावानं हाक मारायचे, सासरेसुद्धा. मी 'ए पोरी' म्हणायचे. तिचा काही दोष नाही हे मला कळत होतं, तरी नाव तोंडातून निघत नसे. पाच-सहा वर्षांची असताना तिनं मला विचारलं, "काकू, मी तुला आवडत नाही का?"

"जा, बाहेर खेळ," मी म्हणाले.

ती गेली. पुढच्या सुट्टीपासून ती जेवायला माझ्याजवळ बसली नाही. मी तिला बोलावलंही नाही.