बोलायचे अठ्ठावीस पौंड

आमच्या सकाळच्या बॅडमिंटनच्या ग्रुपमध्ये माणसाची तब्येत विचारण्याआधी त्याच्या रॅकेटचे पौंड विचारतात. गटिंग, म्हणजे रॅकेटची जाळी, किती पौंडांच्या ताणावर ओढून घेतली आहे, यावर माणसाची पत ठरते. राजारामपुरीतल्या हॉलवर सहाला येणारे आम्ही आठजण. दोघांचे गुडघे कामातून गेलेले, एकाच्या कमरेला पट्टा. पण अठ्ठावीस पौंडांच्या खाली कोणीच नाही.

मी आकड्यांचा माणूस. गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरला हे मी वर्षानुवर्षं लिहून ठेवतो, आणि त्याचा घरात कोणालाही काडीचा उपयोग झालेला नाही. गटिंगचीही वही होती. तारीख, तारेची जाडी, पौंड, टिकलेले दिवस. बारीक तारेनं शटल जोरात जातं असं सगळे सांगायचे, म्हणून मी ०.६५ मिलिमीटरची तार घेत होतो. जोर आणखी वाढावा म्हणून वर अठ्ठावीस पौंड. वहीप्रमाणे ते आधी अकरा दिवस टिकलं, मग नऊ, मग सहा. जोर कुठं वाढला ते मात्र वहीत सापडत नव्हतं. माझा स्मॅश पलीकडचा माणूस चष्मा पुसून झाल्यावर परतवायचा.

हे एरवी चाललं असतं. पण मागच्या स्पर्धेत ऐन सामन्यात माझं गटिंग तुटलं आणि उसन्या रॅकेटनं खेळून मी आमची जोडी पहिल्याच फेरीत घरी पाठवली. माझा जोडीदार मूळचा मुरगूडचा, दुधाचा व्यवसाय करणारा. सात वर्षांची आमची सोबत. यंदाची स्पर्धा येत्या रविवारवर आली तेव्हा त्यानं स्पष्टच सांगितलं, ‘‘रविवारी तुटलं तर पुढच्या खेपंला मी दुसरा गडी बघणार.’’ त्याला दुसरा मिळाला असता. मला मिळेल असं दाखवणारा एकही आकडा माझ्याकडे नव्हता.

गुरुवारी वही आणि रॅकेट घेऊन मी गटिंगवाल्या चाचांकडे गेलो. तार तीच ठेवून तीस पौंड करा, म्हणालो. त्यांनी वही आदरानं शेवटच्या पानापर्यंत वाचली, मिटली आणि तुटलेल्या तारेवर बोट ठेवलं.

‘‘दरवेळी हितंच वर, कडंला तुटतीया न्हवं?’’

वहीत तो रकाना नव्हता.

‘‘मधी तुटली असती तर घासून तुटली म्हटलं असतं. तुमचं शटल मधी लागतच न्हाय. आणि ताण जेवढा जादा, तेवढी मधली जागा बारकी. तीस केलं तर रविवारपतूर थांबायला नको.’’

त्यांचा सल्ला ०.७० ची जाड तार आणि तेवीस पौंड. कमी ताणाची जाळी शटल आपणहून फेकते. जास्त ताण असला की तो जोर मनगटातून यावा लागतो, असं सांगून त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि पुढचं बोलणं सभ्यपणे टाळलं. हॉलमध्ये तर सगळे अठ्ठावीसवर खेळतात, अशी मी हरकत घेतली.

‘‘बोलायला हो. त्यांच्या सगळ्यांच्या रॅकेटी मीच करतोय की. पंचवीसच्या वर एक न्हाय. खरं अठ्ठावीस तुम्ही एकटंच घालून घेताय, पावणं.’’

रविवारी आम्ही पहिली फेरी जिंकलो आणि दुसरी हरलो. हरलो ते केवळ आमच्या खेळामुळे. गटिंग शाबूत होतं. जोडीदारानं माझी रॅकेट घेतली, जाळी अंगठ्यानं दाबली आणि किती आहे म्हणून विचारलं. आयुष्यात मी कधी चुकीचा आकडा सांगितलेला नाही. तेवीस, म्हणालो.

त्यानं आजूबाजूला पाहिलं. ‘‘माझं बावीस हाय,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘पुढच्या स्पर्धेला आपलं नाव लावून टाकतो. पण भाईर तीस सांगायचं. जोडीची अब्रू असतीया.’’

घरी येऊन मी वहीत दोन रकाने वाढवले: ‘कुठं तुटलं’ आणि ‘हॉलवर किती सांगितलं’.