ड वर्गातलं पुस्तक

आमचे हे जन्मभर रेकॉर्डकीपर होते. नुसती नोकरी केली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं, पण यांनी ती अंगात भिनवून घेतली. कचेरीच्या तळघरात भरदिवसा दिवा लावावा लागायचा. तिथल्या छतापर्यंत गेलेल्या रॅकमधून हे फिरायचे आणि साहेबाने मागितलेला कागद न बघता काढून द्यायचे. यांच्यावाचून कचेरीचं पान हलत नाही असं सगळे म्हणायचे म्हणे. सगळे म्हणजे कोण, ते मला अजून कळलेलं नाही.

तिथे कागदांचे चार वर्ग असत. अ म्हणजे कायम जपायचा. ब आणि क मधले. ड म्हणजे वर्ष सरलं की फाडून टाकायचा. हे वर्ग यांना आमच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्के पाठ.

निवृत्त झाले आणि ते सगळं तळघर माझ्या घरात आलं. आधी स्वयंपाकघरातल्या वस्तू अक्षरांप्रमाणे लावून झाल्या. चहा आणि चाकू एका खणात आले, तेव्हा मी यांना तिथून हाकललं. मग यांची नजर कॉम्प्युटरवर गेली.

कॉम्प्युटर लेकीचा. नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा तिने तो मागे ठेवला. आतल्या खोलीत, कपाट आणि माझं शिलाई मशीन यांच्या मधे तो बसतो. मी वर्षानुवर्षं घरात शिवणक्लास चालवते. मुली म्हणायच्या, मॅडम, तुमचं कटिंग कुठल्याच पुस्तकात सापडत नाही, तुम्हीच लिहा. म्हणून मी लिहायला घेतलं. रोज दुपारी क्लास सुटला की बसायचं आणि एका बोटाने टाइप करायचं. फाइलला नाव दिलं होतं ‘पुस्तक’, आणि ती ठेवली होती स्क्रीनवर, अगदी समोर. उघडलं की दिसली पाहिजे.

यांना ते बघवेना. कागद असा उघड्यावर टाकत नाहीत, हे मला दिवसातून एकदा तरी ऐकावं लागायचं. मी चार दिवस बहिणीकडे गेले आणि यांनी डाव साधला. स्क्रीन धुतलेल्या पाटीसारखी स्वच्छ करून ठेवली. परत आल्यावर क्लास, पाहुणे, यात मला कॉम्प्युटर उघडायला सवडच झाली नाही, आणि हे मूग गिळून गप्प.

मग पुस्तक छापायला तयार झालेल्या प्रकाशकबाईंचा फोन आला. दुसऱ्या एका लेखकाचं पुस्तक रखडलं होतं, छपाईत जागा झाली होती. आज संध्याकाळपर्यंत पाठवा, म्हणाल्या, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. त्या ‘बघू’चा अर्थ न कळण्याइतकी मी खुळी नाही.

कॉम्प्युटर उघडला तर पुस्तक जागेवर नाही. हे बाहेर पेपर वाचत होते. विचारलं तर मान वर न करता म्हणाले, सगळं रेकॉर्डला लावलंय, रेकॉर्डला गेलेलं हरवत नसतं, फक्त एक मागणीचिठ्ठी लिहून दे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पुस्तकासाठी मी चिठ्ठी लिहायची! तळपायाची आग मस्तकात गेली. कापडावर खुणा करायचा खडू हातात होता, त्यानेच एका खाकी कागदावर लिहिलं: ‘माझं पुस्तक. मला. आत्ता.’ यांनी ती चिठ्ठी चष्मा लावून वाचली, नीट घडी करून खिशात ठेवली आणि मगच कॉम्प्युटरसमोर बसले.

फोल्डर उघडलं. आत फोल्डर. त्याच्याही आत फोल्डर. आत कुठेही नाव नाही, नुसते नंबर. फाइलींची जुनी नावं पुसून यांनी त्यांनाही नंबर घातले होते. हे उघडत गेले, बंद करत गेले. थोड्या वेळाने उठले आणि खोलीत फेऱ्या मारायला लागले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कचेरीत नंबर फक्त तपासणीसाठी होते, फाइल शोधायचे ते यांचे पाय. कुठे वळायचं, कुठे वाकायचं, कुठे हात घालायचा, ते पायांना माहीत. इथे वळायला बोळ नाही आणि वाकायला रॅक नाही. यांचा चेहरा पार उतरला. मला कीव आली. मग घड्याळाकडे लक्ष गेलं आणि कीव पळाली.

लेकीला फोन लावला. ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, आई, नाव बदललंय तर नावाने सापडणार नाही, आतला एखादा शब्द टाकून शोध, जो घरातल्या दुसऱ्या कुठल्या कागदात नसेल. मी ‘मुंढा’ टाकला. बाही जोडतात तो गोलावा. सगळ्या मुली तिथेच चुकतात, म्हणून मी त्यावर पानंच्या पानं लिहिली होती. कॉम्प्युटरने जरा वेळ घेतला आणि एकच ओळ दाखवली. ती फाइल कुठे ठेवली आहे ते बाजूलाच लिहिलेलं होतं. सगळ्यात बाहेरच्या फोल्डरवर मात्र नंबर नव्हता, अक्षर होतं. ड.

मी आधी अ उघडून बघितला. कायम जपायच्या वर्गात विजेची बिलं होती, यांच्या दाढदुखीच्या औषधाची चिठ्ठी होती, आणि यांच्या निरोप समारंभाचे फोटो, त्यातला एक तर तीनदा.

“मी ड?” एवढंच विचारलं.

“तू नाही गं. कागद.” हे खाली बघत म्हणाले. “वर्ग लावताना वर कुणाचं नाव आहे, कुणाची सही आहे, ते बघतात. त्यावर कुणाचंच नव्हतं.”

आता यांचं पुरतं माप काढायचं, या तयारीने मी फाइल उघडली. पहिलं पान थेट ‘माप कसं घ्यावं’ इथून सुरू होत होतं. वर नाव नाही. आत नाही. शेवटीही नाही. मी मुलींसाठी लिहीत होते, आपलं नाव घालावं असं कधी मनातच आलं नव्हतं. तोंडाशी आलेलं सगळं तसंच गिळावं लागलं, याचा मला अजून राग येतो. मी वर जागा केली आणि माझं नाव टाइप केलं. पूर्ण, मोठ्या अक्षरात. हे मागे उभे होते. मग पुस्तक पाठवलं. अंधार पडायच्या आत बाईंचं उत्तर आलं, मिळालं म्हणून.

“आता नाव आहे,” हे म्हणाले. “अ मध्ये टाकतो.”

“हात लावायचा नाही,” मी म्हटलं. फाइल परत स्क्रीनवर आणली, मधोमध, उघड्यावर.

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर बघते तर माझ्या कात्रीखाली एक चिठ्ठी. यांचं अक्षर, कचेरीतल्यासारखं कोरीव. मागणी: पुस्तक. मागणारा: स्वतः. आणि कारणापुढे लिहिलं होतं, ‘वर्ग लावण्याआधी वाचलं नव्हतं.’

मी ती चिठ्ठी दोन दिवस तशीच पडू दिली. कचेरीत असंच करतात, यांनीच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी खडूने खाली सही केली.