दक्षिण कुठे आहे

वरच्या मजल्यावरचे नाना सकाळी गेले. त्यांना कॉटवरून खाली घेऊन पाय दक्षिणेला करायचे होते. जिवंत माणसाने कधी तिकडे पाय करून झोपू नये, ते मेल्यावरच. पण दक्षिण कुठे, हेच घरात कुणाला सांगता येईना. मग त्यांच्या मुलाने, सतीशने, ट्रेकसाठी घेतलेलं घड्याळ पुढे केलं. त्यातलं होकायंत्र म्हणे, आधी कॅलिब्रेट करा. तो बापाच्या उशाशी उभा राहून मनगटाने हवेत इंग्रजी आठचा आकडा काढत राहिला, ओवाळल्यासारखा.

“अहो, लोखंडी कॉटपासून लांब व्हा, बाण भरकटतोय,” सतीशची बायको म्हणाली.

तो लांब झाला. सवय होतीच.

आपली दिशा चुकली आहे, हे यंत्र निदान कबूल तरी करतं. माणसं बिनदिक्कत जगतात.

नाना मला जिन्यात नेहमी सांगायचे, “कॉटची दिशा चुकलीय, फिरवा म्हणतो. तर घरचे म्हणतात, टीव्हीची वायर पुरत नाही.”

बाण एकदाचा थांबला. सतीशने बापाच्या पायांकडे पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

“आहेत तसेच खाली घ्या. पाय आधीपासून दक्षिणेलाच आहेत.”