दादाच्या शेजारी माझा मेंदू

दादा विसाव्या वर्षी आजारी पडला. अंबडच्या एका कारखान्यात नुकताच लागला होता. यंत्रांच्या घरघरीतून कोणीतरी आपल्याला शिव्या देतं, असं म्हणायचा. स्किझोफ्रेनियाचं निदान झालं तोवर नोकरी गेलेली. आईवडील गेल्यापासून तो माझ्याकडेच असतो.

मागच्या वर्षी त्याच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "संशोधनासाठी सख्ख्या भावंडांचेही एमआरआय हवेत. याल?" मी बेचाळीसची, धडधाकट, शाळेत गणित शिकवणारी. हो म्हटलं.

दादाचा एमआरआय आधीच झाला होता. मी आत जाताना तो म्हणाला, "लय ठोकाठोक करतं ते. घाबरू नको, आवाज मशीनचाच असतो." मला हसू आलं नाही.

नंतर मी हट्टच धरला, तेव्हा डॉक्टरांनी आमचे फोटो पडद्यावर शेजारीशेजारी लावले. मेंदूच्या मधोमध पाण्याच्या काळ्या पोकळ्या असतात. दादाच्या जरा मोठ्या होत्या. माझ्याही.

"आजार नसलेल्या नातेवाइकांतही असा थोडा फरक दिसतो," ते म्हणाले. "नुसत्या फोटोवरून कोणाचंच काही ठरत नाही. शिवाय तुमचं धोक्याचं वय बरंचसं सरलंय."

"माझी मुलगी एकोणीसची आहे."

त्यांनी पडदा बंद केला. "लक्ष असू द्या. पाळत ठेवू नका."

मी पाळतच ठेवली. तिने ताट अर्धं टाकलं, मैत्रिणीचा फोन उचलला नाही, सगळं मनात टिपत गेले. एका दुपारी ती स्वयंपाकघरात आली आणि खिडकी लावून घेतली.

"समोरच्या गच्चीवर माझ्याबद्दल बोलतायत."

मी काचेतून पाहिलं. दोन बायका खरंच तिथे पापड वाळत घालत होत्या. पण मधे अख्खा रस्ता. त्यांचा शब्दही ऐकू येणं शक्य नव्हतं.

"काय म्हणतायत गं?"

"तुला माहितीये, आई."

दादा दारात उभा राहून ऐकत होता. ती खोलीत गेल्यावर हळूच म्हणाला, "आजच फोन कर. माझ्या वेळी सगळे वाट बघत बसले."

सोमवारी आम्ही तिघं गेलो. डॉक्टर तिच्याशी तासभर बोलले. मग मला आत बोलावून म्हणाले, "आत्ताच याला नाव देत नाही. दर पंधरा दिवसांनी घेऊन या."

चार महिने झाले. नाव अजून दिलेलं नाही. आताशा जेवताना ती मधेच घास हातात धरून थांबते, मान किंचित कलती करते. दादाही मग जेवायचा थांबतो आणि तिच्याकडे बघत राहतो.